पट्टा बदलण्याआधी मान मोकळी करा

वाचकाचं पत्र:

आमचा कुत्रा बिट्टू अडीच वर्षांचा आहे. आखूड केसांचा, फिकट रंगाचा. गेले काही महिने त्याच्या गळ्याभोवती लाल वण उठतोय. हनुवटीखाली केस गेलेत, तिथली कातडी कधी ओलसर असते, कधी खपली धरते. आधी नायलॉनचा पट्टा होता, मग चामड्याचा आणला, आता आतून गुबगुबीत गादी असलेला, वर ‘हायपोअलर्जेनिक’ (म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी) असं छापलेला घेतलाय. नव्या पट्ट्यावर आठवडाभर बरं असतं आणि मग पुन्हा तेच. पट्टा आम्ही कधीच काढत नाही, कारण चुकून दार उघडं राहिलं आणि हा पळाला तर? फिरायला नेलं की खूप ओढतो. पाण्यात खेळायचं तर वेडच आहे. पंजे चाटत बसतो, पण ती सवय लहानपणापासूनचीच. सगळ्यात मऊ, अजिबात न खुपणारा पट्टा कोणता, तेवढं सांगा.
– बिट्टूची आई

उत्तर:

बिट्टूच्या आई, नमस्कार.

कोणता पट्टा घ्यायचा ते सांगणारच आहे, पण तो आज आणू नका. आज फक्त गळ्यातला पट्टा काढा आणि कातडी पूर्ण बरी होईपर्यंत परत घालू नका. जखमेवर मखमल बांधली तरी ती जखमेवरच घासणार. तुम्ही तीन पट्टे बदललेत, पण या सगळ्या महिन्यांत त्याच्या मानेला सलग मोकळी हवा एकदाही मिळालेली नाही. नव्या पट्ट्यावर आठवडाभर बरं वाटतं ते बहुधा यामुळेच: नवा पट्टा कोरडा असतो, स्वच्छ असतो, आणि त्याची कड आधीच्यापेक्षा जरा वेगळ्या जागी बसते. आठवड्यात तो ओला होतो, मळतो, आणि आपली जागा करून बसतो.

कुत्र्याची कातडी केसांमुळे राकट वाटते, पण ती आपल्यापेक्षा नाजूक असते. आपल्या त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींचे साधारण १० ते १५ पदर असतात, कुत्र्याच्या त्वचेत जेमतेम ३ ते ५. त्याचं खरं संरक्षण केसच करतात. पट्ट्याखालचे केस एकदा झिजले की मग घर्षण थेट त्या पातळ पदरावर. त्यात ओल आली की कातडी फुगते, मऊ पडते आणि आणखी लवकर सोलवटते. ओल्या मोज्यावर दिवसभर बूट घालून फिरल्यावर आपल्या टाचेचं जे होतं, तेच बिट्टूच्या गळ्याचं होतंय. एरवी त्वचेवर शांतपणे राहणारे जिवाणू आणि यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) अशा उबदार, दमट जागी झपाट्याने वाढतात. तिथे आंबूस, कुबट वास येत असेल किंवा कातडी चिकट लागत असेल, तर हा पाहुणा आधीच आलेला आहे असं समजा. मग पट्टा कितीही चांगला असला तरी औषधाशिवाय भागणार नाही.

आता पट्टा काढल्यावर एक काम करा. भरपूर उजेडात, बोटांनी केस उलटे सारत त्याची पूर्ण मान पाहा. मागची बाजू, दोन्ही कडा, गळा, सगळं. कुठे काय दिसतं त्यावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं. लाली फक्त दोन समांतर रेघांसारखी असेल तर पट्ट्याच्या कडा कापतायत. बकलच्या किंवा कडीच्या बरोबर खाली एक गोल किंवा चौकोनी चट्टा असेल तर धातूवर संशय घ्यायचा, किंवा त्या कडक तुकड्याच्या दाबावर. गळ्याभोवती सगळीकडे सारखी लाली असेल, जिथे पट्टा जोरात घासतही नाही तिथेसुद्धा, तर कापड, रंग, चामड्याचं रसायन किंवा पट्ट्यात राहिलेला साबण. आणि हनुवटीखालीच जास्त असेल, तर ओल आणि ओढ. पाणी प्यायल्यावर तोंडातून गळणारे थेंब तिथेच मुरतात, फिरताना दोरी ताणली की सगळा दाब तिथेच येतो, शिवाय गळ्यात नावाचा बिल्ला असेल तर तोही लोंबून तिथेच आपटत राहतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून बिट्टूचं हे शेवटचं असावं असं मला वाटतं. तीन वेगवेगळ्या पट्ट्यांनी एकाच जागी त्रास होतोय म्हणजे दोष एखाद्या कापडात असण्यापेक्षा सगळ्यांमध्ये सारख्या असलेल्या गोष्टींत असण्याची शक्यता जास्त. आणि सारखं काय आहे? दिवसरात्र गळ्यात असणं, भिजणं, ओढणं. खऱ्या अर्थाने पट्ट्याच्या सामानाची ॲलर्जी कुत्र्यांमध्ये तशी कमी आढळते, घर्षण आणि ओल यांनी होणारी जळजळच जास्त. ॲलर्जी असलीच तर ती पहिल्या दिवशी दिसत नाही, कित्येक महिने निमूट चाललेला पट्टाही एक दिवस खुपायला लागतो. म्हणून ‘आधी तर चालत होता’ यावरून पट्ट्याला निर्दोष सोडू नका.

पण पत्रातल्या ज्या वाक्यावरून तुम्ही पटकन पुढे गेलात, तिथे मी थांबले. तो लहानपणापासून पंजे चाटतो. ही नेहमी नुसती सवय नसते. हवेतली धूळ, परागकण, धुळीतले सूक्ष्म किडे यांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांना पंजे, कान, चेहरा, काखा, पोट, जांघा इथे खाज सुटते, आणि ही तक्रार बहुतेकदा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. बिट्टू त्याच वयात आहे. त्याच्या पंजांवरचे केस लाळेने तांबूस झालेत का? तो कान सारखे झटकतो का? काखेत लाली आहे का? यातलं एखाद-दुसरं जरी ‘हो’ निघालं तर गळ्याचा त्रास हा मोठ्या दुखण्याचा एक तुकडा आहे, आणि मूळ खाज आटोक्यात आल्याशिवाय कोणताही पट्टा त्याला सुख देणार नाही. कंबर आणि शेपटीच्या बुडाशी तो चावत असेल तर पिसवांचा विचार आधी करायचा. आणि केस सारताना गोचीड दिसते का तेही बघा, मानेवर आणि कानामागे तिला चांगला आडोसा मिळतो.

त्यामुळे पशुवैद्यांकडे एकदा जाच. जाताना तिन्ही पट्टे पिशवीत घालून न्या आणि मोबाईलवर वणाचे फोटो, तारखांसकट. ते चट्ट्यावर चिकटपट्टी दाबून किंवा त्वचा हलकेच खरवडून नमुना घेतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू, यीस्ट, खरजेचे किडे आहेत का ते बघतील. तपासणी फार त्रासाची नसते. जायच्या आधी मात्र घरातलं स्टेरॉइडचं मलम लावू नका, लाली दबते आणि डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही. बाळांच्या लंगोटाच्या पुरळावरचं मलमही नको. त्यात बहुधा झिंक ऑक्साइड असतं, आणि चाटून पोटात गेलं तर उलट्या होतात. टी ट्री ऑइल तर अजिबात नाही, ते कुत्र्यांना विषारी ठरतं. तोपर्यंत साध्या स्वच्छ पाण्याने जागा हलक्या हाताने पुसून, टिपून कोरडी करायची, एवढंच पुरे. पू, रक्त, पसरत जाणारा ओला चट्टा किंवा हात लावताच कळवळणं, यातलं काही असेल तर वाट न बघता त्याच दिवशी जा.

मान बरी व्हायला किती दिवस? नुसती लाली असेल तर एक-दोन आठवड्यांत फरक कळतो. केस परत यायला मात्र महिना-दोन महिने धरून चाला. केसांची पहिली मऊ लव आली की मग पट्ट्याकडे वळायचं.

आता पट्टा निवडताना. वेष्टनावरच्या ‘हायपोअलर्जेनिक’ या शब्दावर निर्णय सोडू नका. तो छापण्यासाठी कुत्र्याच्या पट्ट्याला कुठली ठरावीक परीक्षा पास व्हावी लागत नाही. गुबगुबीत गादीनेही भुलू नका. तुमच्या सध्याच्या पट्ट्याची गादी बोटांनी दाबून बघा, स्पंजसारखी वाटेल. पाण्यात खेळणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात तो स्पंज तासन् तास ओला राहतो. वरून कापड वाळल्यासारखं दिसतं आणि आत ओल तशीच असते. गादी निओप्रीनची (पाणबुड्यांच्या पोशाखात वापरतात त्या रबरासारख्या कापडाची) असेल तर ती हवा खेळू देत नाही, आणि निओप्रीन बनवताना वापरलेली काही रसायनं स्वतःच ॲलर्जी आणू शकतात. कोरड्या अंगाच्या, शांत चालणाऱ्या कुत्र्याला गादीचा पट्टा सुखाचा होतो. बिट्टूला नाही.

त्याच्यासाठी माझी पहिली पसंती पाणी न शोषणाऱ्या पट्टीला आहे. आत पॉलिएस्टरची विणलेली पट्टी आणि वरून मऊ प्लास्टिकचा गुळगुळीत थर, असे पट्टे मिळतात. बायोथेन हे त्यातलं बऱ्याच जणांना माहीत असलेलं नाव. पाण्यातून आला की फडक्याने पुसला, की पट्टा कोरडा. वास धरत नाही, मळ आत शिरत नाही. मात्र हा थरही हवा खेळू देत नाही, म्हणून तो दिवसभर गळ्यात ठेवायचा नाही, आणि घेताना त्याची कड गोलसर घडवलेली आहे का ते बघायचं. काही पट्टे मोठ्या पट्टीतून सरळ कापलेले असतात, त्यांची कड धारदार राहते.

दुसरा पर्याय घट्ट विणीच्या सुती किंवा हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याच्या) पट्ट्याचा. वापराने मऊ पडतो, अंगाला हवा लागते, पण भिजला की लवकर वाळत नाही. तो घ्यायचा तर दोन घ्यावे लागतील, एक दोरीवर वाळत आणि एक गळ्यात. नायलॉन मुळात वाईट नाही. स्वस्त नायलॉनच्या पट्टीची कड करवतीसारखी असते, खरा त्रास तिचा. चामड्याबद्दल तुम्हाला नवल वाटलं असेल की नैसर्गिक वस्तू खुपली कशी. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, आणि क्रोमियम हे त्वचेच्या ॲलर्जीचं जुनं, ओळखीचं कारण आहे. वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं, रंग न दिलेलं चामडं त्या मानाने सौम्य. पण चामडं कसलंही असो, भिजून वाळलं की ते आक्रसतं आणि कडक होतं. पाणवेड्या कुत्र्याला ते नकोच.

विकत घेताना दोन छोट्या चाचण्या करा, दुकानात उभ्या उभ्या होतात. पट्ट्याची कड आणि आतली शिवण स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, जरा दाबून वीसेक वेळा पुढे-मागे घासा. तुमची कातडी लाल झाली किंवा चुरचुरली तर तो पट्टा ठेवून द्या. शिवणीच्या टोकाला दोरा वितळवून बनवलेली टोचरी गाठ असते, ती हमखास आतल्या बाजूला लपलेली सापडेल. दुसरी चाचणी रंगाची: पांढरा रुमाल ओला करून पट्ट्यावर घासा. रुमालावर रंग उतरला तर तो बिट्टूच्या ओल्या गळ्यावरही उतरेल. गडद निळ्या-काळ्या कापडात वापरले जाणारे काही रंग माणसांनाही बाधतात, म्हणून फिकट किंवा बिनरंगी पट्टा बरा.

धातूत निकेल टाळायचं. चकचकीत मुलाम्याच्या स्वस्त बकलमध्ये ते बहुधा असतं, मुलामा झिजला की उघडं पडतं आणि ओलीत जास्त सुटतं. चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील चालतं. त्यातही निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असल्याने फारच कमी सुटतं. शंका असेल तर निकेल तपासायचा द्राव मिळतो. कापसाच्या बोळ्याला लावून धातूवर घासायचा, बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. याहून सोपा मार्ग म्हणजे बकलच्या आणि कडीच्या मागे पट्ट्याचीच पट्टी आडवी आलेली आहे असा पट्टा घ्यायचा, म्हणजे धातू कातडीला लागतच नाही. प्लास्टिकचं बकल घेतलं तर मानेच्या गोलाईप्रमाणे किंचित वळलेलं घ्या, सपाट बकलची टोकं रुततात.

रुंदी बिट्टूच्या आकाराच्या मध्यम कुत्र्याला (तुम्ही आकार लिहिलेला नाही, पण मध्यम धरते) अडीच ते तीन सेंटीमीटर पुरते. रुंद पट्ट्याने दाब वाटला जातो हे खरं, पण मान आखूड असेल तर रुंद पट्टा वर जबड्याला आणि खाली खांद्याला घासतो. त्याला खाली वाकून पाणी पिऊ द्या आणि तेव्हा पट्टा कुठे जातो ते पाहा, उभ्या कुत्र्यावर माप कधीच नीट कळत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट, सहज सरकली पाहिजेत. फार सैल ठेवला तर तो सारखा फिरत राहतो आणि घासतो, शिवाय खालचा जबडा किंवा पुढचा पाय त्यात अडकायची भीती. बिल्ला लोंबणारा नको. पट्ट्यावर सपाट बसवलेली नावाची पट्टी मिळते, किंवा पट्ट्यावरच फोन नंबर विणून देतात.

नवा पट्टा आणला की सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवा आणि साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण वापरू नका. पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास घाला, काढा, मान बघा. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. मग हळूहळू वेळ वाढवा. या काळात साबण, शॅम्पू, खाणं यातलं दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर लाली आलीच तर दोष कुणाला द्यायचा ते कळणार नाही. पुन्हा लाली आली, पट्टा काढल्यावर गेली, आणि परत घातल्यावर परत आली, तर मात्र तो पट्टाच गुन्हेगार. पिसवा-गोचिडांसाठीचा औषधी पट्टा वापरत असाल तर तो घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यातलं औषध कातडीवर पसरण्यासाठीच असतं आणि सोललेल्या मानेवर ते झोंबतं. खायच्या गोळ्यांचा पर्याय असतो.

ओढण्याबद्दल दोन शब्द. तो ओढत राहिला तर जगातला सर्वांत हळुवार पट्टाही घासणार. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये कृत्रिम मानेवर वेगवेगळ्या प्रकारचे पट्टे ओढून दाब मोजला, तेव्हा रुंद आणि गादीचे पट्टे धरून एकही पट्टा असा निघाला नाही की ज्याने जोरात ओढल्यावर मानेला इजेचा धोका राहत नाही. त्याआधी २००६ मध्ये एका अभ्यासात दिसलं होतं की पट्ट्याने ओढल्यावर कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसने, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाने, तसा वाढत नाही. म्हणून बिट्टूची दोरी यापुढे कायम हार्नेसला लावा. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार असलेला, खांदे मोकळे सोडणारा घ्या. त्याची पट्टी काखेत शिरता कामा नये, पुढच्या पायाच्या मागे चार बोटं जागा राहू द्या. पट्ट्यासाठी सांगितलेल्या मनगटाच्या आणि रुमालाच्या चाचण्या हार्नेसलाही करा, कारण काखेची कातडी मानेहूनही पातळ असते. फिरून आल्यावर हार्नेस लगेच काढायचा. दोरी ताणली की थांबायचं आणि सैल झाली की चालायचं, हे शिकवायला वेळ लागतो, पण ते शिकवाच. गळा आवळणारी साखळी किंवा काट्यांचा पट्टा कुणी सुचवला तर ऐकू नका.

राहिली तुमची भीती, तो पळाला तर. ती रास्त आहे. त्यासाठी मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने बसते, आणि तिच्यातला १५ आकडी क्रमांक तुमच्या नावावर नोंदवता येतो. चिप तो कुठे आहे हे सांगत नाही. सापडलेल्या कुत्र्यावर कुणी वाचक यंत्र फिरवलं तर तो कुणाचा हे कळतं. त्यामुळे नोंदणीतला फोन नंबर बदलला की तिथेही बदलायचा. दाराला आतून एक आडकाठी किंवा लहान फाटक लावता आलं तर दार उघडं राहण्याची धास्तीच कमी होईल. घरात पाहुणे येणार असतील, सामानाची ने-आण असेल, तेव्हा तेवढ्या वेळापुरता पट्टा घाला. रात्री आणि घरात एरवी मान मोकळी. पाण्यात खेळून आला की आधी पट्टा काढायचा, मान टॉवेलने कोरडी करायची, आणि केसांच्या मुळाशी बोट लावून ओल उरली नाही ना ते बघूनच, गरज असली तर, कोरडा पट्टा घालायचा.